माझ्या मातीच्या गाण्याची तालीम

आमच्या मंडळीत कोणी प्रभूकडे गेले की पहिला निरोप पाळकसाहेबांकडे जातो आणि दुसरा माझ्याकडे येतो. मी मिशनच्या शाळेत मुलांना गायन शिकवतो आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो. माती द्यायला जाताना आमची माणसे चर्चपासून कबरस्तानापर्यंत गात जातात, आणि त्या गाण्याची दोरी माझ्या हातात असते. रडणाऱ्याने खुशाल रडावे, पण तालात रडावे, असे मी एकदा बोलून गेलो होतो. ते लोक अजून मला ऐकवतात.

मग मीच आजारी पडलो. बरा होऊन आता बराच काळ झाला. हे लिहितो ते एवढ्यासाठी, की आज कोणी दवाखान्याच्या खाटेवर आढ्याकडे बघत पडला असेल, तर त्याला थोडी सोबत व्हावी. औषधांचे मला काही कळत नाही. जे कळले ते सांगतो.

बद्द आवाज

ऐन थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास पडसे झाले. पडशाचा खोकला झाला, खोकल्याचा न्यूमोनिया झाला. तो उतरला असे सगळे म्हणाले, पण रोज संध्याकाळी ताप पुन्हा दारात उभा. बायकोने, मार्थाने, शेवटी टांगा बोलावला आणि मला मिशनच्या दवाखान्यात नेऊन घातले.

डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवले आणि पाठीवर एक हात सपाट ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने ठोकायला सुरुवात केली. उजवीकडे आवाज मोकळा येत होता. डावीकडे वरून खाली येता येता तो एकदम बद्द झाला, ओल्या डग्ग्यासारखा. उभा जन्म तबले लावण्यात गेलेला. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"डॉक्टर," मी म्हणालो, "इथून खाली बसलंय."

ते थांबले. मग म्हणाले, "हो मास्तर. बसलंय."

सुई घालून त्यांनी थोडे बाहेर काढले. पू होता. बरगडीचा तुकडा कापून त्याला वाट करून द्यावी लागणार होती. "पण आज नाही," डॉक्टर म्हणाले. "आज छाती उघडली तर तुम्हाला सोसायचं नाही. आधी सुईनं काढत राहू, अंगात जरा ताकद येऊ दे." ताकद येते की ताप आधी खाऊन टाकतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. तसे ते बोलले नाहीत, पण चष्मा पुसायला त्यांना जरुरीपेक्षा जास्त वेळ लागला.

अनंतकाळ हा शब्द मी किती वेळा गायलो असेन! आमच्या एका गाण्यात त्या शब्दावर लांब, सुरेख मींड आहे. ती घेताना माझे डोळे आपोआप मिटतात. त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या तो शब्द मनाशी म्हणून पाहिला. मींड आठवली, बाकी काहीच आठवले नाही. मला भीती वाटत होती. इतकी वर्षे दुसऱ्यांना गात गात पोचवलेला माणूस मी, आणि स्वतःच्या पाळीला हे असे.

दवाखान्यातले दिवस

दवाखान्यात एक बरे असते, घाबरायलासुद्धा फार सवड देत नाहीत. गिरणीचा भोंगा झाला की सिस्टर गरम पाण्याचे तसराळे घेऊन हजर. अंग पुसणे, ताप बघायची काच तोंडात धरणे, मग वॉर्डातली प्रार्थना, मग दूध. दूध कोमट असे आणि त्याला धुराचा वास येई. पहिल्या दिवशी मी नाक मुरडले. नंतर त्याच दुधाची वाट बघायला लागलो.

शेजारच्या खाटेवर कुंभारी गावचे सिद्रामअण्णा होते. शेतकरी माणूस. बैलगाडीचे चाक पायावरून गेलेले, म्हणून पाय लाकडी चौकटीला टांगलेला. एकट्याने गप्प बसणे त्यांना जमत नसे.

"मास्तर, तुमी पेटी वाजिवता म्हनं?"

"हो."

"मग हितं का न्हाय आनली? माजा पाय टांगलेला हाय, कान न्हाय टांगलेलं."

छोटी छोटी सुखे असतात, ती मोजून घ्यावीत. एक सिस्टर जाता जाता माझी उशी उलटी करून गार बाजू वर आणून ठेवी. न सांगता. मार्था रोज जोंधळ्याची पातळ आंबील आणी आणि मी दोन घोट घेतले तरी भांडे रिकामे झाल्यासारखा चेहरा करी.

भेटायला येणाऱ्यांचे मात्र मला ओझे व्हायला लागले. मंडळीतली भली माणसे, पण खाटेजवळ आली की आवाज खाली आणीत आणि स्वर्गाचे वर्णन करीत. "मास्तर, तुम्ही भाग्यवान. आमच्या आधी ते वैभव बघाल." मी मान हलवी. मार्था पंखा खाली ठेवी आणि उठून उभी राही.

"यांना बरं व्हायचंय," ती म्हणे. "स्वर्ग कुठं पळून जात नाही. तुम्ही आता निघा."

मिशनच्या शाळेत ती मुलींना शिवण शिकवते. तिच्या आवाजाला सुईचे टोक आहे. माणसे उठून जात. ती गेली की मी बोलायला तोंड उघडी, "मार्था, जर का काही..." आणि ती तिथेच कापी. "काही नाही. आंबील घ्या."

संध्याकाळचे गाणे

दिवेलागणीला मार्था घरी जायची. आमच्या दोघी मुली दिवसभर तिच्या बहिणीजवळ असत, त्यांचे जेवणखाण बघायचे म्हणून. ती गेली की वॉर्ड शांत होई, आणि आवारापलीकडच्या चर्चमधून गाणे ऐकू येई.

पहिले दोन-तीन दिवस मी लक्ष दिले नाही. ग्लानी होती. मग एका संध्याकाळी सिद्रामअण्णाच म्हणाले, "लई ग्वाड म्हंत्यात की वो. कुटल्या देवाचं हाय?"

मी कान दिला आणि अंगावर काटा आला. ते गाणे आम्ही रविवारी म्हणत नाही, लग्नात म्हणत नाही, नाताळात तर नाहीच. शवपेटी खड्ड्यात उतरवताना म्हणायचे गाणे आहे ते. पलीकडच्या तीरावर पुन्हा भेटू, असा त्याचा भाव.

सिस्टरला विचारले, "मंडळीत कोण वारलं?"

"कुणी नाही, मास्तर."

मग कोणासाठी, हे कळायला फार अक्कल लागत नाही. गाणे अवघड आहे. शेवटच्या कडव्यात लय मोडून पुन्हा जुळवावी लागते, आणि ते कडवे आजवर माझ्याच जोरावर पार पडत आले. आता जायचा मीच. माझ्याशिवाय माझी माती धड होणार नाही, हे गायनमंडळाच्या ध्यानात आले होते, आणि ती शहाणी माणसे वेळीच तालमीला लागली होती.

खरे सांगतो, आधी मला राग आला. लय पळत होती. झांजवाला मनाला येईल तिथे झांज आपटत होता. भीती त्याच्या मागून आली.

"सिद्रामअण्णा," मी म्हणालो, "ते माझ्या मातीला म्हणायचं गाणं आहे. त्याची तालीम चाललीय."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग हसू लागले ते टांगलेला पाय हलून ठणका लागेपर्यंत. "आई गं! मास्तर, जित्या मानसाच्या म्होरं! आनि तुमी ऐकताय!" मग हसणे ओसरले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "त्यात एक बाई हाय बगा. शेवटाला तिचा आवाज मोडतोय. रोज तितंच मोडतोय."

मी डोळे मिटून ऐकले. शेवटचे कडवे आले. सगळ्यांच्या वर एक आवाज चढला, तिसऱ्या ओळीशी आला आणि तुटला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथेच तुटला.

मार्थाचा आवाज होता. मुलींना जेवायला घालायला गेलेल्या माझ्या मार्थाचा.

दिवसभर मला मरणाचा म सुद्धा काढू न देणारी बाई संध्याकाळी जाऊन मला पोचवायचे गाणे घोटत होती. मला इतके एकटे कधी वाटले नव्हते. सुई पाठीत जाते तेव्हासुद्धा नाही.

पंखा थांबला

काही दिवस मी हे पोटात ठेवले. ती आली की मी बरा असल्यासारखे बोले, तीही तसेच बोले. एकाच खाटेपाशी बसून दोघे एकमेकांना फसवत होतो. ते आजारापेक्षा जड जात होते.

एका दुपारी ऊन असे होते की भिंतीला हात लावता येत नव्हता. ती पंखा घालत होती. मी म्हणालो, "शेवटच्या कडव्यात तिसऱ्या ओळीआधी श्वास घेत जा. तू दुसऱ्या ओळीतच सगळा संपवतेस."

पंखा थांबला.

"तुम्हाला ऐकू येतं?"

"रोज."

"अगंबाई." तिने कपाळावर हात मारला. "आम्हाला वाटलं वारा इकडनं तिकडं असतो. दिवसा असतोच की!"

"संध्याकाळी फिरतो."

ती हसली आणि त्याच हसण्यात तिला रडू फुटले. पदर तोंडात धरून ती रडली. सिद्रामअण्णांनी शक्य तेवढे तोंड पलीकडे फिरवले.

"मी धीर सोडलाय असं समजू नका," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मला आणि पाळकसाहेबांना बोलावून सांगितलं, भरवसा थोडा आहे म्हणून. मंडळींनी गाणं काढलं. ते कडवं कुणालाच येईना. मला येतं, जन्मभर तुमच्या तोंडून ऐकलेलं. मी म्हटलं, मी म्हणेन. त्या दिवशी सगळ्यांच्या देखत माझा आवाज फुटला तर? तुमच्या मातीला गाणं बिघडलं तर तुम्ही तिथनंसुद्धा माझ्यावर ओरडाल."

"ओरडेन," मी म्हणालो.

"पण म्हणताच येत नाही मला. ती ओळच म्हणता येत नाही."

ती ओळ भेटीची आहे. पलीकडे आपले माणूस आपल्याला भेटेल, अशी.

"का?" मी विचारले.

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "खोटी वाटते. रागवू नका. स्वर्ग खोटा नाही म्हणत मी. प्रभू आहे, घर आहे, सगळं आहे. पण तिथं लग्न नाही, लावून देणं नाही, असं प्रभूच म्हणालाय ना? मग मी तिथं तुमची कोण? तुम्ही भेटाल हो. मंडळीतल्या सगळ्यांना भेटता तसं मलाही नमस्कार करून पुढं जाल. मला नको तसली भेट."

इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने कधी काढला नव्हता. मी नुसता तिचा हात धरला. दवाखान्यात, दिवसाढवळ्या, चारचौघांत. आमच्या लग्नातही इतका वेळ धरला नसेल.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब आले तेव्हा तिने त्यांनाच विचारले. भला माणूस. विचार करून म्हणाले, "मार्थाबाई, तिथं याहून मोठी प्रीती असेल."

"मोठी घेऊन काय करू?" मार्था म्हणाली. "आहे तेवढीच पाहिजे मला."

पाळकसाहेबांनी आणखी काही सांगितले नाही. बसून राहिले, आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्यांचे ते गप्प बसणे मला त्यांच्या सगळ्या उपदेशांपेक्षा आवडले.

मात्र त्या दुपारनंतर एक गोष्ट झाली. आमच्यातले लपवणे संपले. मुलींच्या शाळेचे काय, कोणाच्या शेजारी मला पुरायचे, शेवटच्या कडव्याला झांज नको, हे सगळे आम्ही आंबील पिता पिता बोललो. भीती गेली नाही. पण आता तिला दोघांचे खांदे होते.

टेबलावर जायचा दिवस

मग डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. ताकद आली होती म्हणून, की यापुढे येणार नव्हती म्हणून, ते मी विचारले नाही.

सकाळी न्हाव्याने येऊन छाती-पाठ साफ केली. मला ढकलगाडीवर घेतले. सिद्रामअण्णांनी हात लांबवून माझे मनगट धरले. "जावा मास्तर बिनघोर. तुमची खाट म्या कुनाला दिऊ देत न्हाय. मी हाय की हितं."

मार्था गाडीबरोबर चालत आली. टेबलाच्या खोलीबाहेर गाडी थांबली, आतली तयारी व्हायची होती. तिने इकडेतिकडे पाहिले. मग वाकून म्हणाली,

"मी विचार केला. तिथं नवराबायको नाहीत ना? मग तिथं मी तुम्हाला 'अहो' म्हणून भागायचं नाही."

मला काही उमजेना.

"केवढी गर्दी असेल तिथं. सगळ्या युगांतली माणसं. तिथं उभं राहून 'अहो' म्हटलं तर किती जण मागं वळून बघतील! नावानंच हाक मारावी लागेल."

इथे एक सांगितले पाहिजे. बाप्तिस्म्याने आमच्या लोकांचे पुष्कळ काही सुटले. नवस सुटले, अंगारे सुटले. पण बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे काही सुटले नाही. मिशनची मडम आपल्या साहेबांना चारचौघांत नावाने हाक मारते, तेव्हा आमच्या बायका अजून जमिनीकडे बघतात. मार्थाही बघते. शाळेच्या कागदावर माझे नाव सांगायची वेळ आली तर ती मुलीला पुढे करते.

"कधी मारली नाही," ती म्हणाली. "तिथं एकदम तोंडातून निघणार नाही. तुम्हालाही माझ्या तोंडून ते ओळखू यायचं नाही. तुम्ही पुढं निघून जाल. म्हणून इथं एकदा म्हणून बघते."

तिचे तोंड कानापर्यंत लाल झाले होते. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तिला इतकी लाजलेली पाहिली नव्हती. तिने पदर सारखा केला, ओठ ओले केले.

"शमुवेल," ती म्हणाली.

माझी आई मला शमू म्हणे. शाळेत, मंडळीत, वॉर्डात सगळ्यांचा मी मास्तर. ते पूर्ण नाव इतक्या सांभाळून आजवर कोणी उच्चारले नव्हते. मी ओ दिली. नीट, ऐकू जाईल अशी दिली.

"बरं," ती म्हणाली. "आता जा."

आत क्लोरोफॉर्मचा गोडसर वास नाकाशी आला तेव्हा मी प्रार्थना म्हणायला घेतली, पण शब्द सुटत गेले. अनंतकाळ हा शब्दही आला. या वेळी त्याला मींड नव्हती. खूप गर्दी होती, आणि त्या गर्दीत मला कोणीतरी शोधत येणार होते, एवढे पक्के ठाऊक होते. प्रभूवर हवाला टाकणे म्हणजे काय, ते मला त्या टेबलावर कळले. भीती वाटत होती आणि तरी मी सुखात होतो.

त्यानंतर

बरगडीचा तुकडा गेला. कुशीत रबराची नळी आली. तिच्या वासाचे वर्णन करत नाही. फुप्फुस फुगावे म्हणून एका बाटलीतले पाणी नळीने फुंकून दुसऱ्या बाटलीत घालायचे काम मला दिले होते. पहिल्या दिवशी पाणी हललेसुद्धा नाही आणि मी रागाने नळी फेकली. सिस्टरने ती उचलून धुऊन पुन्हा माझ्या हातात दिली. सिद्रामअण्णा माझ्याआधी घरी गेले, आणि बाजाराला आले की शेंगांचे गाठोडे खाटेवर टाकून जात. मुलींना पहिल्यांदा भेटायला आणले तेव्हा धाकटी मला ओळखेना, इतका मी वाळलो होतो. त्या दिवशी मी रडलो.

आता मी पुन्हा शिकवतो. पूर्वी एका श्वासात जाणारी ओळ आता दोन श्वासांत जाते. पोरांना वाटते, मास्तरांनी नवी तऱ्हा काढली.

खाटेवर पडून हे वाचणाऱ्या भावाला, बहिणीला एवढेच सांगायचे आहे. भीती वाटली म्हणून विश्वास गेला असे समजू नका. दोन्ही एका खाटेवर मावतात. आणि घरच्या माणसापाशी मरणाचे बोला. त्याने मरण जवळ येत नाही, माणूस जवळ येते. मार्थाच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. पण आता ती ते कडवे न मोडता म्हणते, दुसऱ्यांच्या मातीला, माझ्या शेजारी उभी राहून.

माझे नाव मात्र तिने पुन्हा घेतलेले नाही. परवा ती शिवत बसली होती तेव्हा मी लाडीगोडी लावून पाहिली. म्हटले, कोणी नाही घरात, एकदा म्हण की.

तिने दात लावून दोरा तोडला. "काही नाही," म्हणाली. "आता एकदम तिथंच. तोवर 'अहो'वर भागवा."